बाहेरचा ओटा

पंचफुलाबाईंच्या घरात भिंतीला साधा खिळा ठोकायचा म्हटलं तरी वाद व्हायचा. कशाला ठोकता, मागच्या वेळी ठोकला त्याचं काय झालं, भिंत का फुकटची आहे, हे सगळं ऐकून घेतल्याशिवाय सौंसरच्या त्या घरात काही हलत नसे. थोरल्या सुनेनं, सुचितानं, मिक्सर बदलायचं काढलं तेव्हा बाईंनी जुन्या मिक्सरची बाजू वकिलासारखी लढवली होती. त्याच बाईंनी धाकट्या मुलाच्या, कुलदीपच्या, मोबाईलवर बार्बेक्यूचा व्हिडिओ पाहिला आणि एका दमात म्हणाल्या, "बांध ना. मांगच्या अंगनात बांध. कोन नाई म्हनते?"

इथंच कोणाचे तरी कान टवकारायला हवे होते. पण आयत्या चालून आलेल्या होकाराची चौकशी कोण करतं!

व्हिडिओत कुठल्याशा बंगल्यामागे एक मोठा ओटा होता. वर काळा ग्रॅनाइट, मधोमध झाकणाची जाळी, बाजूला गॅस, नळ, बेसिन, खाली कप्पे. चारी बाजूंनी मोकळा. त्याला म्हणे आयलंड म्हणतात, म्हणजे बेट. पंचफुलाबाई त्याला 'बाहेरचा ओटा' म्हणू लागल्या आणि घरात तेच नाव राहिलं.

या होकारानं सगळ्यात जास्त आनंद झाला तो कुलदीपच्या बायकोला, रूपालीला. रूपाली पांढुर्ण्याची. वडील सुखदेवराव वीज खात्यातून निवृत्त झालेले, आई प्रमिला. घर बौद्धांचं. कुलदीप नागपूरला नोकरीत असताना दोघांनी कोर्टात लग्न केलं. थोरला गजेंद्र खताच्या दुकानात गुंतलेला, संत्र्याच्या बागेकडे पाहायला कोणी उरेना, म्हणून वर्षभरानं कुलदीप बायकोला घेऊन घरी परतला. पंचफुलाबाईंनी दारात दोघांना ओवाळलं. गल्लीला वाटलं, बाई सुधारली. बाई कसली सुधारते, तिला बागेसाठी मुलगा हवा होता आणि मुलगा एकटा मिळत नव्हता.

तेव्हापासून रूपाली स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबलेली होती. "थांब बाई, तू नवीन हायेस." "थांब बाई, शिकलेली पोरगी तू, तुले धुरात कायले बसवू?" "आज सन हाय, सुचिताले सवय हाय, तू थांब." त्या घरात नाही म्हणायची पद्धत नव्हती, थांब म्हणायची होती.

नवी सून पहिल्यांदा चुलीशी बसते तेव्हा काहीतरी गोडधोड करते. सासू पहिला घास खाते, मग बाकीचे हात घालतात. तो घास झाला की सून घरातली झाली. रूपालीचा तो घास अजून व्हायचाच होता. तिला दागिना नको होता, बागेत वाटा नको होता. सासूनं एकदा आपल्या हातचं खावं, एवढंच तिच्या मनानं घेतलं होतं. मला तर तिचा रागच येतो. आपलं मोल ज्यांनी कधी केलंच नसतं, नेमकी त्यांच्याच हातात तिनं तागडी दिली होती.

त्यात एक नवस होता. कुलदीप नागपूरहून परत यावा म्हणून बाईंनी जामसांवलीच्या मारुतीला रोडगे बोलले होते. मुलगा परत आला, नवस तसाच राहिला. रोडगे म्हणजे जाडसर कणकेचे गोळे, निखाऱ्यावर खरपूस भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. व्हिडिओतली ती जाळी पाहिली आणि रूपालीला रोडगेच दिसले. नवसाचे रोडगे आपण भाजायचे. देवाच्या नावाचे रोडगे आई कसे नाकारतील?

वेल्डरनं लोखंडी अँगलची चौकट करून दिली. बाकीचं रूपालीनं उभं केलं. कुलदीपनं जाळीचा खोका उघडला, खोक्याबरोबर फोटो काढला आणि चार स्क्रू पिळून घामाघूम होऊन खाली बसला. तिनं मात्र पाण्याच्या नळीनं पातळी धरली, चौकटीला सिमेंटच्या पाट्या बसवून घेतल्या, जाळीभोवती भट्टीच्या विटा लावल्या, सिलिंडरच्या कप्प्याला गॅस साचू नये म्हणून खाली झरोके ठेवले. गवंडी ग्रॅनाइट बसवत होता तेव्हा ती उन्हात उभी राहून कोपरे तपासत होती.

पंचफुलाबाई खुर्ची टाकून बसायच्या आणि एकेक गोष्ट वाढवायच्या. "नळ घे. बेसिन बी घे. गॅस दुसरा ठेव. भांडे ठेवाले कप्पे मोठे कर. अन् थे पानी गाळाची मशीन, थे बी बसव."

"आई, हे सगळं आत आहेच ना," रूपाली म्हणाली.

"आतलं आत, बाहेरचं बाहेर. घडीघडी आत कायले यायचं तुले? पाय दुखतीन."

रूपालीला ते माया वाटलं. तिनं आईला फोन करून सांगितलं, सासूबाई माझ्या पायांची काळजी करतात.

सुचिता हे सगळं आतल्या खिडकीतून पाहत होती. तिच्या ओट्याची फरशी तडकलेली, फोडणीच्या धुरानं भिंत काळी झालेली. एक दिवस तिचं डोकं फिरलं. "माह्या लग्नाले इतके वर्सं झाले, मले साधी चिमनी नाई बसवून देल्ली. अन् तिले बेसिन, मशीन, सारंच!"

बाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुले आतलं हाय ना."

सुचिता क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं. त्या दिवसापासून तिचा जळफळाट बंद झाला आणि ती रूपालीशी फार गोड बोलू लागली.

ओटा तयार झाला. रूपालीनं शनिवार धरला, मारुतीचा वार. जाडसर गहू दळून आणला, तूप कढवलं, गोवऱ्या आणि कोळसा आणून ठेवला. शुक्रवारी दुपारी बाईंनी कुलदीपला हाक मारली. "दोस्ताइले बोलाव आज. मटन आन. नव्या ओट्याचं उद्घाटन होऊ दे."

"आई, पहिल्यांदा रोडगे करू म्हणत होते मी," रूपाली म्हणाली.

"रोडगे कुठं पळून चालले? पोट्ट्याची हौस हाय, होऊ दे."

त्या घरात मटण आत शिजत नसे. सासऱ्यांच्या काळापासून मागच्या अंगणात तीन दगड, वेगळं पातेलं, पुरुषांनीच रांधायचं आणि आंघोळ करूनच आत यायचं. बाईंच्या स्वतःच्या गळ्यात नवरा गेल्यापासून तुळशीची माळ होती. तेव्हा मटण बाहेर, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. दोस्त आले, जाळीवर चरबी तडतडली, सगळ्यांनी ओट्याबरोबर सेल्फी काढले. बाई आपल्या खोलीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या आणि आज त्यांचं चित्त फार शांत होतं.

शनिवारी पहाटे उठून रूपालीनं जाळी तापवून जाळली, तारेच्या ब्रशनं घासली, विटा धुतल्या, नवे निखारे केले. रोडगे सुरेख भाजले गेले. फडक्यानं एकेक पुसून तिनं ताट भरलं आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत आणलं.

"अगं माय, किती मेहनत केली पोरीनं," पंचफुलाबाईंनी गालाला हात लावला. "पन मटनाच्या जाळीवरचं मले नाई चालत बाई. तुले तं मालूम हाय, माह्या गळ्यात माळ हाय."

इतकं कळवळून त्या म्हणाल्या की रूपालीनंच त्यांची माफी मागितली. ते रोडगे कुलदीपनं आणि शेजारच्या गाईनं संपवले.

मग रूपालीनं दुसरी जाळी मागवली. ती शुद्ध शाकाहारी, लाल फडक्यात बांधून वेगळ्या खुंटीला टांगलेली. बाई म्हणाल्या, जाळी नवी आहे, पण विटा तर त्याच. रूपालीनं एका बाजूच्या विटा बदलल्या. बाई म्हणाल्या, झाकण? रूपालीनं झाकणाशिवाय भाजायचं ठरवलं. बाई म्हणाल्या, "धूर तं एकच हाय ना, बाई." प्रत्येक वेळी आवाज तितकाच मऊ. प्रत्येक वेळी ही पोरगी दोष शोधायला ओट्याकडेच जायची. शिकलेल्या माणसाला यंत्रातला बिघाड सापडतो, माणसातला सापडत नाही. की सापडतो आणि तो कानाडोळा करतो, देव जाणे.

ओट्याची निगा मात्र तिनं अशी ठेवली की दुकानदारानं येऊन शिकावं. जाळी गरम असतानाच घासायची, अर्धा कांदा फिरवायचा, तेलाचा हात द्यायचा. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहायचे. ग्रॅनाइटवर लिंबू सांडलं की लगेच पुसायचं. पावसाळ्यासाठी तिनं ताडपत्रीचं आवरण स्वतः शिवलं. आणि राखेचा ट्रे रिकामा करताना राख फेकायची नाही, जुन्या ओढणीतून चाळून डब्यात भरायची, कारण पंचफुलाबाईंना ती आवडली होती. "राख तेवढी देत जाजो बाई. गुंड कसा लखलखते." पिण्याच्या पाण्याचा पितळी गुंड हा बाईंचा जीव की प्राण. रूपालीच्या हातची एवढी एकच वस्तू तो उंबरा ओलांडून आत गेली होती.

हळूहळू तिचं ताट ओट्याखालच्या कप्प्यात आलं. मग पेला आला. मग चहाचं पातेलं. "तुलेच सोयीचं," बाई म्हणाल्या. सुचिता एकेक वस्तू हसतमुखानं आणून देत होती.

दिवाळीनंतर सुखदेवराव आणि प्रमिलाबाई लेकीकडे आले. कुलदीपनं त्यांना घरात न नेता बाजूच्या बोळीतून थेट मागे आणलं. ओट्यापाशी उंच स्टुलं मांडली होती. "इथं मोकळी हवा हाय मामाजी, आरामात बसा." सुचितानं आतून पुऱ्या आणल्या आणि कागदाच्या प्लेटा मांडल्या. कुलदीप म्हणाला, "बार्बेक्यूत असंच असते. डिस्पोजेबल." पंचफुलाबाई दारात उभ्या राहून आग्रह करत होत्या, "पोटभर खा, लाजू नोका, आपलंच घर हाय."

सुखदेवरावांना त्या स्टुलावर नीट बसता येत नव्हतं, पाय लोंबकळत होते. त्यांनी ग्रॅनाइटवरून हात फिरवला. जाळीवर पनीर परतणाऱ्या लेकीला हळू आवाजात म्हणाले, "चांगला केला बेटा. आमच्या बाबाले बी लोक अशेच बाहेर ओट्यावर बसवत. थो मातीचा राहे. तुह्यावाला ग्रॅनाइटचा हाय."

प्रमिलाबाईंनी त्यांची बाही ओढली. रूपालीच्या हातातला चिमटा तसाच राहिला आणि पनीर एका बाजूनं जळलं.

संध्याकाळी तिनं कुलदीपला विचारलं. सरळच विचारलं, की हे मटणामुळे आहे की माझ्यामुळे?

"तू बी ना, कुठची गोष्ट कुठं नेतेस," तो म्हणाला. "तुह्या बाबाइची जुनी सवय हाय थे, सगळीकडे तेच दिसते त्यांले. आईले मटनाचं चालत नाई, बस. अन् एवढा ओटा कोनासाठी बांधला मी? सौंसरमधी कोनाच्या बायकोजवळ हाय असा?"

"एकदा आईंना विचारा फक्त. कशावर केलेलं चालेल, ते सांगा म्हणावं. मी तसं आणते."

"विचारीन ना. टेन्शन कायले घेऊन राहिली?"

त्यानं विचारलं नाही. उत्तर ठाऊक असलेला माणूस विचारायची घाई करत नाही. कुलदीप वाईट नव्हता असं गल्लीत म्हणतात. मी म्हणतो, वाईट असता तर बरं झालं असतं, निदान ती लवकर सुटली असती.

हिवाळ्यात प्रमिलाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. रूपाली पांढुर्ण्याला गेली. आठवडाभर राहणार होती, पण आईची पट्टी लवकर निघाली. रूपालीच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. बाजारातून तिनं एक कोरी शेगडी घेतली. मातीची, लहान, कधीच न पेटवलेली. हिच्यावर मटण चढलेलं नाही, हिची वीट जुनी नाही, हिचा धूर कोणाचा उष्टा नाही. वडिलांनी ती शेगडी पाहिली आणि फुटू नये म्हणून जुन्या टॉवेलात गुंडाळून दिली. शनिवार होता. बसमध्ये ती शेगडी मांडीवर घेऊन बसली. फोन केला नव्हता. गंमत करायची होती.

बोळीतच तिला वास आला. भाजलेल्या कणकेचा, तुपाचा, वांग्याचा.

मागच्या अंगणात ओटा पेटलेला होता. सुचिता चिमट्यानं रोडगे फिरवत होती. गजेंद्र भाजी वाढून घेत होता. कुलदीप ओट्याला टेकून उभ्यानं खात होता, बोटं तुपानं माखलेली. आणि पंचफुलाबाई खुर्चीवर बसून, मांडीवर ताट घेऊन, रोडगा फोडून तुपात बुडवत होत्या. नवस फिटत होता. नैवेद्य सकाळीच जामसांवलीला पोचला होता.

रूपालीनं पहिल्यांदा जाळी पाहिली. लाल फडक्यातली शाकाहारी जाळी खुंटीवर तशीच होती, गाठसुद्धा सुटली नव्हती. निखाऱ्यावर होती ती दुसरी, डावीकडचा गज जरासा वाकलेली. त्याच जाळीवर रूपाली गेल्यावर दोस्तांसाठी मटण भाजलं होतं. तेव्हापासून ती कोणी घासलीही नव्हती, कडेला काळी चरबी तशीच होती.

"आलीस?" पंचफुलाबाईंनी घास गिळला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "बरं झालं आलीस. जाळी घासून ठेवजो नंतर, तेल लावून. सुचिताले नाई जमत थे."

"आई," रूपालीचा आवाज अगदी बारीक झाला होता, "ही मटणाची जाळी आहे."

"हो ना."

"तुम्हाला चालत नाही ना?"

सुचिता रोडगे फिरवायची थांबली. कुलदीप म्हणाला, "आई, तिले बी वाढ ना," आणि फार महत्त्वाचं बोलल्यासारखा पुन्हा ताटात बघू लागला.

"घे ना बाई, पोटभर घे, तुले कोनाची मनाई हाय?" पंचफुलाबाई म्हणाल्या. मग त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं. तिच्या हातातल्या टॉवेलातल्या शेगडीकडेही पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी थांब म्हटलं नाही. शांतपणे, समजूत घालावी तशा म्हणाल्या, "जाळीचा काय दोष हाय, बाई?"

रूपालीनं पिशवी खाली टेकवली, शेगडी ग्रॅनाइटवर ठेवली. तिला रडू आलं नाही. इतके दिवस ती विटा बदलत होती, जाळ्या बदलत होती, झाकण काढत होती, आणि ही माणसं आतून तिची मजा बघत होती, हे तिला एकदम स्पष्ट दिसलं आणि तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. लाज वाटायची ती त्यांना, पण ती त्या अंगणात दुसऱ्या कोणाजवळ नव्हतीच.

तिनं सवयीनं चपला काढल्या. मागच्या दाराचा उंबरा ओलांडला आणि स्वयंपाकघरात गेली. कोपऱ्यात घडवंचीवर पितळी गुंड होता, लखलखीत. तिनं झाकण काढलं, सासूचाच पेला त्यात बुडवला आणि उभ्यानं पाणी प्यायली. सगळे दारातून बघत होते. प्रवासानं तहान लागलीच होती, म्हणून दुसरा पेलाही प्यायली.

"रूपाली! काय करून राहिली?" कुलदीप ओरडला.

तिनं पेला गुंडावर पालथा ठेवला. मागे येऊन चपला घातल्या, पिशवी उचलली. कुलदीपसमोर उभी राहून तिनं एवढंच विचारलं, "येता?"

त्यानं आईकडे पाहिलं. मग ताटाकडे पाहिलं. "जेवन तं होऊ दे," तो म्हणाला.

ती बोळीतून निघून गेली. पांढुर्ण्याची बस लगेच मिळाली असावी, कारण स्टँडवर तिला कोणी पाहिलं नाही. शेगडी ओट्यावरच राहिली, टॉवेलात गुंडाळलेली.

मग पंचफुलाबाईंनी हात धुतले, आत गेल्या आणि गुंड दोन्ही हातांनी कडेला धरून बाहेर आणला. सगळं पाणी त्यांनी बाहेरच्या ओट्याच्या बेसिनमध्ये ओतलं. ते बेसिन त्यासाठीच तर होतं. पेला त्यांनी कचऱ्यात टाकला.

"चिंच लावू का?" सुचितानं विचारलं. तिच्या आवाजात थोडी भीती होती. आपण आत आहोत ते कशाच्या जोरावर, हे तिनं बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं.

"चिंचेनं नाई निघत थे," पंचफुलाबाई म्हणाल्या. "राख आन."

सुचितानं ओट्याखालच्या कप्प्यातून डबा काढला आणि गुंड घासायला बसली. कुलदीपनं आणखी एक रोडगा घेतला. गुंड लवकरच लखलखला, आत-बाहेरून, कुठं बोटाचा डाग राहिला नाही. राख बारीक होती, एक खडा नव्हता. रूपालीनंच चाळून ठेवली होती.